डिपेश मोडची सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट गाणी: क्रमवारी लावताना ठेवलेल्या नोंदी

3 फेब्रुवारी 2024
आम्ही नऊ जण गाणी ऐकून क्रम लावणार आहोत. हद्द ठरवण्यातच संध्याकाळ गेली. डिपेश मोड या ब्रिटिश बँडचे स्टुडिओ अल्बम 15 आहेत, 1981 च्या ‘स्पीक अँड स्पेल’पासून 2023 च्या ‘मेमेंटो मोरी’पर्यंत. सगळे एकत्र घेतले तर यादी आवरत नाही आणि वादही भलतीकडेच जातो. शेवटी पहिले आठ अल्बम घ्यायचे ठरलं, 1981 ते 1993. अ‍ॅलन वाइल्डर 1995 मध्ये बँड सोडून गेला. वाद्यरचनेवर सगळ्यात जास्त मेहनत घेणारा माणूस तोच. तो गेल्यावरचा आवाज वेगळा आहे, म्हणून 1997 पासूनच्या सात अल्बमची यादी स्वतंत्र लावणं बरं. ‘प्रेशस’ आणि ‘इट्स नो गुड’ बाहेर राहिल्यामुळे आमच्यातले दोघे नाराज आहेत. त्यांचं म्हणणं रास्त आहे, पण सुरुवातीला हद्द आखली नाही तर काम संपतच नाही.

मोजणी अशी: स्पीक अँड स्पेल 11, अ ब्रोकन फ्रेम 10, कन्स्ट्रक्शन टाइम अगेन 9, सम ग्रेट रिवॉर्ड 9, ब्लॅक सेलिब्रेशन 11, म्युझिक फॉर द मासेस 10, व्हायोलेटर 9, साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन 10. एकूण 79. हे सगळे आकडे मूळ ब्रिटिश एलपीचे आहेत. सीडीवर जादा गाणी जोडलेली असतात, त्यावरून मोजलं की आकडा चुकतो. त्यात अल्बमबाहेरची चार सिंगल्स: ‘ड्रीमिंग ऑफ मी’, ‘गेट द बॅलन्स राइट’, ‘शेक द डिझीज’, ‘इट्स कॉल्ड अ हार्ट’. ही चारही 1985 च्या ‘द सिंगल्स 81–85’ या एकाच सीडीवर मिळतात. झाली 83.

10 फेब्रुवारी
दहापैकी गुण देण्याची पद्धत लावून पाहिली. फसली. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. एक जण सहाच्या खाली उतरतच नाही, दुसरा आठ गुण म्हणजे फार झालं असं मानतो. सरासरी काढली तर वरची पंधरा-वीस गाणी दशांश चिन्हानंतरच्या फरकावर एकमेकांना चिकटलेली आणि खालच्या टोकाला तर काही अर्थच लागेना, कारण आवडत्या बँडला दोन किंवा तीन गुण द्यायला कुणाचा हात धजत नाही. सगळ्यात वाईट गाणं शोधायचं असेल तर गुणपद्धत टाळाच.

दुसरा दोष क्रमाचा. व्हायोलेटरची नऊ गाणी ओळीने ऐकली की ‘ब्लू ड्रेस’ कमजोर वाटतं. तेच ‘अ ब्रोकन फ्रेम’च्या गाण्यांमध्ये टाकलं तर उठून दिसतं. शेजारी कोण आहे त्यावर गुण ठरत होते.

17 फेब्रुवारी
जोड्या लावायचा विचार केला: दोन गाणी समोर ठेवायची, एक निवडायचं. 85 गाण्यांच्या (83 आणि खाली सांगितलेली दोन जादा) 3,570 जोड्या होतात. दोन गाण्यांना आठ मिनिटं धरली तरी 476 तास. सोडून दिलं.

आता ठरलेली पद्धत अशी: पाच गाण्यांचा एक गट. गट ऐकून प्रत्येकाने फक्त दोन नावं लिहायची, एक सगळ्यात चांगलं आणि एक सगळ्यात वाईट. मधल्या तिघांबद्दल काही लिहायचं नाही. पाच गाण्यांत दहा जोड्या असतात. या दोन उत्तरांतून त्यांतल्या सातांचा निकाल लागतो (चांगलं गाणं चौघांना हरवतं, वाईट गाणं उरलेल्या तिघांकडून हरतं). एवढ्या थोड्या श्रमात एवढी माहिती दुसऱ्या पद्धतीत मिळत नाही. शिवाय ‘वाईट’ हा शब्द इथे फक्त त्या पाचांपुरता असतो, त्यामुळे लिहिताना जीवावर येत नाही.

83 ला पाचाने भाग जात नाही. म्हणून दोन बी-साइड (सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी) घेतल्या: ‘बट नॉट टुनाइट’ आणि ‘आइस मशीन’. पहिलं ब्रिटनमध्ये ‘स्ट्रिप्ड’च्या मागच्या बाजूला होतं, पण अमेरिकेत ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ अल्बमवरच आलं, त्यामुळे त्याचा हक्क होताच. ‘आइस मशीन’ बँडच्या पहिल्याच सिंगलची मागची बाजू. एकूण 85, म्हणजे प्रत्येक फेरीत पाचाचे 17 गट.

25 फेब्रुवारी
सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. कोणतं रेकॉर्डिंग घ्यायचं?

या बँडबद्दलच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. दोघे एकाच गाण्यावर भांडत असतात आणि त्यांच्या कानात दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज असतात. ‘इन युअर रूम’ घ्या. अल्बमवर ते साडेसहा मिनिटांच्या घरात जातं, हळूहळू थर चढवत. सिंगलसाठी बुच विग या निर्मात्याने केलेलं झेफर मिक्स पाच मिनिटांच्या आत संपतं आणि त्यातली हवाच वेगळी, गिटारवर चालणारी. ज्याने फक्त सिंगल ऐकलंय त्याला हे गाणं डोक्यावर घेणारे कळत नाहीत, आणि अल्बमवाल्यांना ते नावं ठेवणारे कळत नाहीत.

नियम केला: मूळ ब्रिटिश एलपीवरची आवृत्ती. अल्बमबाहेरच्या गाण्यांसाठी सात इंची सिंगल. मैफलीतली आवृत्ती नाही, म्हणजे नाही. ‘एव्हरीथिंग काउंट्स’ला या नियमाचा फटका बसणार हे दिसत होतं, कारण 18 जून 1988 च्या पॅसाडीना रोझ बोलच्या मैफलीत शेवटचं ध्रुवपद प्रेक्षकांनी चालूच ठेवलं, ते ऐकलेल्या माणसाला स्टुडिओतलं रेकॉर्डिंग कोरडं वाटतं. तरी नियम मोडला नाही.

फसवणाऱ्या जागा, ओळीने:

‘एन्जॉय द सायलेन्स’ व्हायोलेटरवर सहा मिनिटांच्या वर दिसतं. गाणं सव्वाचार मिनिटांच्या आसपास संपतं. पुढचा भाग स्वतंत्र, नाव न छापलेला वाद्यतुकडा आहे. ‘ब्लू ड्रेस’च्या शेवटीही तसाच एक तुकडा, आणि ‘पिंफ’ नंतरही. हे सगळे कापले. ऑडासिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) फाइल उघडायची, गाण्याचा शेवटचा स्वर विरला की तिथपासून पुढचं निवडून काढून टाकायचं, शेवटच्या अर्ध्या सेकंदाला फेड आउट द्यायचा, म्हणजे आवाज हळूहळू उतरवायचा. फेड दिला नाही तर कापल्या जागी टक्‌ असा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं.

‘स्ट्रेंजलव्ह’ सिंगलवर गजबजलेलं आहे. अल्बमवरची आवृत्ती मोकळी. आपण अल्बमची घेतली. ‘बिहाइंड द व्हील’ची सिंगल आवृत्ती शेप पेटिबोनने नाचासाठी केलेली. चार कॉर्डचं सुरुवात-शेवट नसलेलं चक्र ऐकायचं तर अल्बमचीच हवी.

‘फ्लाय ऑन द विंडस्क्रीन’ आधी ‘इट्स कॉल्ड अ हार्ट’च्या मागच्या बाजूला आलं (1985), मग नव्याने करून ‘फायनल’ म्हणून ‘ब्लॅक सेलिब्रेशन’वर (1986). घेतलं ते दुसरं.

‘टू हॅव अँड टू होल्ड’ची ‘स्पॅनिश टेस्टर’ नावाची आवृत्ती सीडीवर जादा म्हणून आहे. मूळ डेमोच्या (कच्च्या रेकॉर्डिंगच्या) जवळची, पण एलपीवर नव्हती. वगळली.

‘बट नॉट टुनाइट’ ब्रिटिश सीडीवर लांबवलेल्या रूपात आहे. तो सापळा लक्षात ठेवा.

‘जस्ट कान्ट गेट इनफ’ची अमेरिकन अल्बमवर बारा इंची लांब आवृत्ती आहे. पावणेचार मिनिटांच्या आतली असेल तरच बरोबर.

85 ओळींचा तक्ता केला: गाणं, अल्बम, कोणती आवृत्ती, मिनिटं-सेकंद, गायक, गीतकार. मिनिटं-सेकंदांचा रकाना सोडू नका. चुकीची आवृत्ती पकडण्याचा तोच सोपा उपाय. खर्च: बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह सव्वादोन हजार रुपये, कारण कुणाच्याच लॅपटॉपला सीडीची खाच उरलेली नाही. सीड्या आमच्यातल्याच लोकांच्या घरच्या.

3 मार्च
आवाजाची पातळी. 2006–07 मध्ये निघालेल्या रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने बसवलेल्या) सीड्या जुन्या सीड्यांपेक्षा चढ्या आवाजाच्या आहेत. तक्त्यात दोन्ही मिसळल्या होत्या. चाचणीसाठी एकाच गटात ‘पपेट्स’ जुन्या सीडीवरून आणि ‘सेक्रेड’ रीमास्टरवरून लावलं. ऐकणारे म्हणाले, ‘सेक्रेड’मध्ये दम आहे. पातळी सारखी करून पुन्हा लावलं तर ‘दम’ बराच ओसरला. चढा आवाज चांगला वाटतो, हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

उपाय: ऑडासिटीतलं लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणं. त्यात मूळ आकडा उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) असतो, आम्ही उणे 18 ठेवला. त्यापेक्षा वर गेलं तर जुन्या रेकॉर्डिंगचे ड्रमचे ठोके कापले जाऊ लागतात.

पण सगळ्यांना एकच आकडा लावूनही बिघडलं. ‘समबडी’मध्ये पियानो आणि बँडचा गीतकार मार्टिन गोर याचा आवाज, जवळपास एवढंच आहे. ते उणे 18 ला आणलं की तोंडाशी येऊन ओरडल्यासारखं होतं. ‘वेटिंग फॉर द नाइट’चंही तसंच. हलक्या बांधणीच्या गाण्यांना उणे 21 ठेवलं आणि मग कान बसला. हे कानानेच ठरवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

10 मार्च
पहिली फेरी. गट पाडायची सोपी रीत: 85 गाणी अल्बमनुसार ओळीत लावा आणि पत्ते वाटतात तशी 17 ढिगांत वाटा. पहिलं गाणं पहिल्या ढिगात, सतरावं सतराव्यात, अठरावं पुन्हा पहिल्यात. कुठल्याही अल्बमवर 11 पेक्षा जास्त गाणी नसल्याने एका गटात एका अल्बमची दोन गाणी येऊच शकत नाहीत. स्प्रेडशीटमध्ये एक भागाकाराची बाकी काढली की काम होतं.

वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक गाण्याची पहिली 90 सेकंदं वाजवली. सगळी फेरी दोन तासांच्या थोड्या वर गेली आणि ती पूर्ण रद्द करावी लागली. ‘नेव्हर लेट मी डाउन अगेन’चा जीव शेवटच्या दीड मिनिटात आहे, जिथे सगळं एकत्र उसळतं. ‘हायर लव्ह’ तर नव्वद सेकंदांत जेमतेम उलगडायला लागतं. ‘ब्लास्फेमस रूमर्स’ची कोरडी कडवी ऐकून लोक पुढे गेले, शेवटी येणारा श्वासाचा आवाज कुणाच्या कानी पडलाच नाही. सुरुवातीच्या तुकड्यावर निवड केली की रेडिओसाठी बांधलेली गाणीच जिंकतात.

यापुढे पूर्ण गाणी. एका फेरीला पावणेसहा तासांच्या आसपास लागतात, तीन बैठकांत वाटून. एका बैठकीत सहापेक्षा जास्त गट ठेवू नका, शेवटच्या गटांत ऐकणारे थकतात आणि ओळखीचं नाव लिहून मोकळे होतात.

24 मार्च
पूर्ण गाण्यांची पहिली फेरी झाली. निकाल तपासताना घोटाळा सापडला.

अल्बम कालक्रमाने लावून वाटल्यामुळे तेच तेच अल्बम एकमेकांसमोर येत होते. स्पीक अँड स्पेलची गाणी गट 1 ते 11 मध्ये, साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशनची 2 ते 11 मध्ये. म्हणजे पहिल्या अल्बमच्या 11 पैकी 10 गाण्यांची गाठ 1993 च्या अल्बमशी. व्हायोलेटर मात्र गट 10 ते 17 आणि 1 मध्ये, त्यामुळे स्पीक अँड स्पेलला तो फक्त तीनदा भेटला आणि ‘अ ब्रोकन फ्रेम’ला सातदा. बिचाऱ्या ‘अ ब्रोकन फ्रेम’चा निकाल त्यामुळेच वाईट आला होता.

दुरुस्ती: दर फेरीला अल्बमांचा क्रम बदलायचा आणि अल्बममधल्या गाण्यांचाही. स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने लागतात, एक अल्बमसाठी यादृच्छिक आकड्याचा आणि एक गाण्यासाठी, आणि त्याच क्रमाने वर्गवारी. आधीची फेरी टाकून दिली नाही, पुढच्या तीन फेऱ्यांत गाठी विखुरल्या की तिचं वजन समतोल होतं. गटात वाजवायचा क्रमही निम्म्या लोकांसाठी उलटा केला. पहिलं आणि शेवटचं गाणं लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

7 एप्रिल
वाईट गाण्यामागचं कारण लिहायचा रकाना वाढवला. चार पर्याय: चाल, शब्द, वाद्यरचना, गायन. एकच निवडायचं. हे केल्याशिवाय ‘वाईट’ या मताला धार येत नाही.

जुन्या क्रमातला अकरावा गट इथे मुद्दाम देतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली: ‘जस्ट कान्ट गेट इनफ’, ‘द लँडस्केप इज चेंजिंग’, ‘अ क्वेश्चन ऑफ टाइम’, ‘स्वीटेस्ट परफेक्शन’, ‘हायर लव्ह’. पाच गाण्यांत पाच वेगळे बँड ऐकू येतात. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ तिघांनी सगळ्यात चांगलं म्हणून लिहिलं आणि चौघांनी सगळ्यात वाईट. चौघांपैकी तिघांचं कारण ‘शब्द’, एकाचं ‘वाद्यरचना’, चालीला कुणीच नाव ठेवलं नाही. बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा असा की बँडचा सुरुवातीचा गीतकार व्हिन्स क्लार्क याची ती सिंथची (सिंथेसायझरची) ओळ एका बोटाने वाजते आणि एकदा ऐकली की विसरता येत नाही, पॉप गाण्याकडून आणखी काय हवं? विरोधकांचा मुद्दा: पुढे जे काही या बँडने केलं त्याच्याशी या गाण्याचं नातं नाही. दुसरा मुद्दा गाण्यावरचा नाहीच, बँडच्या प्रवासावरचा आहे. तो बाजूला काढल्यावर चारांतल्या दोघांनी मत बदललं.

त्याच गटात ‘द लँडस्केप इज चेंजिंग’ दोन्ही रकान्यांत रिकामं. वाइल्डरने लिहिलेल्या थोड्या गाण्यांतलं एक, विषय चांगला, पण कुणाच्या मनात काही उमटवत नाही. अशी गाणी ओळखणं या पद्धतीत सोपं जातं.

21 एप्रिल
तिसरी फेरी. आमच्यातले दोघे परदेशातून व्हिडिओ कॉलवर आले आणि त्यांची मतं बाकीच्यांपासून विचित्र फटकून. ‘पाइपलाइन’ त्यांना पूर्ण गढूळ वाटलं. कारण कॉलचं ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतं, आणि ‘पाइपलाइन’ बहुतांशी गोळा केलेल्या ठोकण्या-आपटण्याच्या आवाजांवरच उभं आहे. ॲपने गाण्यालाच गोंगाट समजून गाळलं. ‘स्ट्रिप्ड’च्या सुरुवातीचं मोटारसायकलच्या इंजिनाचं मंद केलेलं घुमणंही त्यांच्याकडे पोचलं नव्हतं, आणि ते नाही तर त्या गाण्याचा पायाच गेला.

झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज ठेवायची सोय आहे, ती चालू केली तरी समाधान झालं नाही. शेवटी सोपं केलं: ज्याने त्याने आपापल्याकडे गाणं लावायचं, कॉलवर फक्त बोलायचं. स्ट्रीमिंगवरून ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहायच्या. गाण्याची लांबी तक्त्याशी जुळते का, आवाज सारखा करायची सेटिंग चालू आहे का, आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणं) बंद आहे का. डिलक्स आवृत्त्यांमुळे प्लेलिस्टमधली गाणी न सांगता बदलतात, म्हणून लांबी प्रत्येक बैठकीच्या आधी पाहायची.

हेडफोन-स्पीकरचा फरक राहतोच. ‘क्लीन’ची बास लाइन लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येत नाही, आणि तिच्याशिवाय त्या गाण्यावर मत देऊ नये. साधे तारेचे इअरफोन चालतील, लॅपटॉपचा स्पीकर नको.

5 मे
चौथी फेरी संपली. बेरीज. प्रत्येक गाणं प्रत्येक माणसासमोर चारदा आलं. नऊ माणसं, म्हणजे 36 संधी. चांगलं म्हणून आलेल्या वेळा वजा वाईट म्हणून आलेल्या वेळा, हा निव्वळ अंक.

इथे एक गोष्ट आधी सांगतो. निव्वळ अंकावर थांबू नका. शून्याच्या आसपास दोन जातींची गाणी येतात. एक, जिच्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. दुसरी, जिच्यावर निम्मे जीव टाकतात आणि निम्मे तोंड फिरवतात. वजाबाकीत दोन्ही सारखी दिसतात. म्हणून शेजारी बेरजेचा रकाना घ्या: चांगलं अधिक वाईट. आम्ही त्याला वादअंक म्हणतो. ‘द लँडस्केप इज चेंजिंग’ आणि ‘पीपल आर पीपल’ निव्वळ अंकात शेजारी-शेजारी बसले, वादअंकात एक तळाला आणि एक जवळजवळ शिखरावर.

वरचा भाग: ‘नेव्हर लेट मी डाउन अगेन’ पहिलं, थोड्या फरकाने ‘एन्जॉय द सायलेन्स’ दुसरं. मग ‘स्ट्रिप्ड’, ‘वॉकिंग इन माय शूज’, ‘शेक द डिझीज’. ‘एन्जॉय द सायलेन्स’ दुसऱ्या जागी का, यावर बराच वेळ बोलणं झालं. गोरचा डेमो संथ, हार्मोनियमवर गायलेला होता. वाइल्डरने तो वेगवान करायचा आग्रह धरला आणि गोरने वर गिटारची ती ओळ दिली. रेकॉर्डिंग म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण एका गटात ते ‘वॉकिंग इन माय शूज’समोर आलं आणि बहुतेकांनी दुसरं निवडलं. सर्वत्र वाजल्यामुळे गाणं झिजतं, आणि ती झीज मतात उतरते. हा दोष पद्धतीने काढता येत नाही. सगळ्यांना सगळी गाणी पाठ असताना नाव झाकून ऐकवण्याची सोयही उरत नाही.

‘शेक द डिझीज’ एवढं वर येईल असं सुरुवातीला कुणी म्हटलं नव्हतं. ते कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर नाही, त्यामुळे अल्बमनुसार ऐकणाऱ्यांच्या हाताला लागत नाही. दोन आवाज एकमेकांवरून जातात ती जागा पूर्ण ऐकली की लोक ते बाजूला ठेवू शकत नाहीत.

खालचा भाग: ‘व्हॉट्स युअर नेम’ शेवटचं. कारणांत जवळजवळ सगळीकडे ‘शब्द’. त्याच्या वर ‘बिग मफ’, पण तिथे इशारा द्यायला हवा. यादीत तीन वाद्यगीतं आहेत (‘बिग मफ’, ‘नथिंग टू फिअर’, ‘पिंफ’) आणि ऐकणारे वाद्यगीताला आपोआप मागे ढकलतात. ‘नथिंग टू फिअर’वर तो सरळ अन्याय आहे. पुन्हा करायचं झालं तर या तीनांचा वेगळा गट करा आणि त्यांच्या जागी तीन बी-साइड घ्या, ‘डेंजरस’ आणि ‘सी ऑफ सिन’ तर नक्की.

‘इट्स कॉल्ड अ हार्ट’ तळाच्या पाचांत आलं, पण कारण ‘वाद्यरचना’, चाल नव्हे. त्यातली चाल चांगली आहे, तिच्यावर नको इतका मालमसाला घातलाय. मागच्या बाजूला ‘फ्लाय ऑन द विंडस्क्रीन’ असताना पुढे हे, ही चाहत्यांची जुनी तक्रार रास्त वाटते.

‘पीपल आर पीपल’चा वाद सोपा नाही. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत आणि पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं, आणि खुद्द गोरला ते नकोसं वाटतं. विरोधातली सगळी मतं ‘शब्द’, बाजूची सगळी ‘वाद्यरचना’. दोन्ही बरोबर आहेत. ते धातूचे ठोके 1984 मध्ये कुणाच्याही रेडिओवर असे वाजत नव्हते.

एक गंमत ‘मास्टर अँड सर्व्हंट’ची. मिक्सिंग इतकं लांबलं की शेवटच्या ध्रुवपदात स्नेअर ड्रम चालू करायचाच राहून गेला, हे वाइल्डरने सांगितलेलं आहे. आमच्यापैकी कुणालाही ते ऐकताना खटकलं नव्हतं. माहीत झाल्यावर मात्र दर वेळी ती रिकामी जागा ऐकू येते, आणि चौथ्या फेरीत गाण्याची मतं घसरली. म्हणून अशा कहाण्या फेऱ्या संपेपर्यंत सांगू नका.

19 मे
आवृत्तीवर निकाल किती ठरतो ते तपासलं. ‘इन युअर रूम’ ज्या चार गटांत आलं होतं तेच गट पुन्हा लावले, फक्त त्या जागी झेफर मिक्स ठेवून. अल्बमचं रेकॉर्डिंग वरच्या दहात होतं. झेफरला चांगल्याचं मत क्वचितच मिळालं आणि एका गटात ते वाईट ठरलं. ‘स्ट्रेंजलव्ह’चं उलट: सिंगल आवृत्तीला अल्बमपेक्षा जास्त मतं. नियमामुळे त्या गाण्याचं नुकसान झालं हे नोंदवून ठेवतो, निकाल बदललेला नाही.

शिवाय दोन जुने गट जसेच्या तसे पुन्हा दिले, लोक स्वतःशी किती सुसंगत आहेत ते पाहायला. चांगल्याचं उत्तर बहुतेकांचं तेच राहिलं. वाईटाचं उत्तर बरंच हललं. म्हणून यादीचा वरचा भाग पक्का समजा. तळाच्या दहांत दोन-तीन जागांचा फरक भांडण्याच्या लायकीचा नाही.

1997 ते 2023 ची यादी पावसाळ्यात घेऊ. तिथे पातळीचं काम जास्त अवघड आहे: 2005 चा ‘प्लेइंग द एंजल’ इतका चेपून बसवलेला आहे की उणे 18 ला आणला तरी त्याचा कर्कशपणा जात नाही. त्या अल्बमसाठी व्हिनाइलवरून घेतलेली फाइल चालते का, ते आधी दोन गाण्यांवर करून पाहायचं आहे, ‘प्रेशस’ आणि ‘सफर वेल’.